कॅपिटल-स्मॉलचा घोळ आणि ओआरएम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या अडतींसाठी, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी आणि हुपरीच्या चांदीवाल्यांसाठी हिशेबाची, वजनाची, ऑर्डरींची सॉफ्टवेअरं लिहिणारे आम्ही काही जण आहोत. आमच्याकडे नवीन मुलं-मुली शिकायला येतात आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाकडून एकच तक्रार येते: "सर, डेटा आहे, डोळ्यांना दिसतोय, पण क्वेरीला सापडत नाही." दहापैकी निम्म्या वेळा तरी दोष कॅपिटल-स्मॉलचा, म्हणजे अक्षराच्या 'केस'चा निघतो. तेच ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. ओआरएम म्हणजे कोडमधल्या ऑब्जेक्टवरून डेटाबेसची क्वेरी (एसक्यूएल) बनवणारा थर. उदाहरणं जँगो (पायथनमधली वेब चौकट, तिच्यात ओआरएम असतो) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांची जास्त आहेत, कारण आमचं रोजचं काम त्यातच चालतं. बाकीच्यांचंही जिथे पक्कं माहीत आहे तिथे सांगितलं आहे.

## एवढ्याशा गोष्टीने असं काय बिघडतं?

माझ्याच कामातला प्रसंग सांगतो. एका गूळ अडतीसाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर केलं होतं. गाडी भरून आली की काट्यावर भरलेलं वजन घ्यायचं, माल उतरला की रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, आणि दोन्हीतल्या फरकावरून नक्त वजन काढायचं. दोन्ही नोंदींची जोडी गाडी नंबरवरून लागायची. काट्यावरचा माणूस नंबरप्लेट बघून कॅपिटलमध्ये एमएच ०९ टाकायचा. दुपारनंतर काउंटरवरचा पोरगा बसला की तो स्मॉलमध्ये टाकायचा. डेटाबेसच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गाड्या. स्लिपवर भरलेलं वजन छापून आलं, रिकाम्या वजनाची जागा कोरी, नक्त वजन शून्य. शेतकरी पट्टीसाठी तासभर ताटकळत उभा. त्याच्या रव्यांचा सौदा झालेला, भाव ठरलेला, आणि पैसे अडले ते माझ्या एका बरोबरीच्या चिन्हापायी.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. दोन मजकूर "सारखे" कधी मानायचे, हा नियम कॉलमचा आहे. तो प्रत्येक क्वेरीत नव्याने लिहायला गेलं की कुठेतरी कोणीतरी विसरतोच.

## मग सगळं लोअर (म्हणजे स्मॉल) करून साठवलं की झालं ना?

काही कॉलमना हेच योग्य, काहींना हेच चूक. आधी कॉलमची जात ओळखा.

गाडी नंबर, जीएसटी नंबर, पॅन, आयएफएससी हे सगळे संकेतांक आहेत. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होणारा. पॅन १० अक्षरांचं, आयएफएससी ११ अक्षरांचं आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य. यांचं अधिकृत रूप कॅपिटलच असतं. कोणी स्मॉलमध्ये टाइप केलं तर त्यात जपण्यासारखं काही नाही. तेव्हा साठवतानाच कॅपिटल करा. गाडी नंबरातल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघाही तिथेच काढून टाका, नाहीतर केसचा प्रश्न सुटेल आणि स्पेसचा उरेल. आमच्या काट्यावर नेमकं तेच झालं होतं.

माणसाचं नाव, फर्मचं नाव, वापरकर्त्याने हौसेने निवडलेलं यूजरनेम ही दुसरी जात. फर्मने पाटीवर जसं लिहिलंय तसंच बिलावर यायला हवं, पण शोधताना मात्र कसंही टाइप केलं तरी सापडायला हवं. इथे मूळ रूप जपायचं आणि तुलना फक्त केस न पाहता करायची. या लेखातला बराचसा खल याच जातीबद्दल आहे.

तिसरी जात आहे जिथे केसला अर्थ असतो: पासवर्डचा हॅश, रीसेट टोकन, लिंकचा छोटा कोड, लिनक्सवरचं फाइलचं नाव. एका फाउंड्रीत पॅटर्नच्या कोडमध्ये शेवटचं अक्षर स्मॉल असेल तर तो ट्रायल पॅटर्न आणि कॅपिटल असेल तर मंजूर पॅटर्न, अशी जुनी पद्धत होती. तिथे आमच्या मुलाने उत्साहाने सगळं अप्पर (कॅपिटल) केलं असतं तर शॉप फ्लोअरवर गोंधळ उडाला असता. विचारल्याशिवाय बदलू नका.

## साठवताना कॅपिटल करायचं तर ते मॉडेलच्या सेव्ह मेथडमध्ये लिहू का?

नको. जँगोत बल्क क्रिएट किंवा क्वेरीसेटचं अपडेट वापरलं की सेव्ह मेथड चालतच नाही. एक्सेलमधून हजार नोंदी आयात करणारा कोड बहुतेक वेळा बल्क क्रिएटच वापरतो, म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच तुमचा नियम गैरहजर. फील्डचा स्वतःचा क्लास करून त्याच्या गेट-प्रेप-व्हॅल्यूमध्ये रूपांतर करा. मग लिहिताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच नियम लागतो. रेल्स या रूबीतल्या वेब चौकटीच्या ७.१ मध्ये, २०२३ साली, याच कामासाठी नॉर्मलाइझेस ही सोय आली आणि ती शोधतानाही लागू होते.

त्यावर डेटाबेसमध्ये एक चेक कन्स्ट्रेंट टाका: गाडी नंबर हा त्याच्याच अप्पर रूपाइतका असला पाहिजे. एखाद्याने थेट डेटाबेसमध्ये हात घातला तरी चुकीचं रूप आत येणार नाही.

## जँगोत आयएक्झॅक्ट (केस न पाहता बरोबरी तपासणारं फिल्टर) वापरलं, लोअरवर इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) केला, तरी क्वेरी हळूच. का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि उत्तर एका शब्दात आहे: अप्पर. पोस्टग्रेसवर जँगोचं आयएक्झॅक्ट दोन्ही बाजूंना अप्पर फंक्शन लावतं. तुमचा इंडेक्स लोअरवर बांधलेला. पोस्टग्रेस फंक्शनवरचा इंडेक्स तेव्हाच वापरतो जेव्हा क्वेरीत तेच फंक्शन, त्याच कॉलमवर असतं. अप्पर आणि लोअरचा हेतू एकच आहे हे त्याला कळत नाही, कळायची अपेक्षाही नाही.

यावर दोन मार्ग. एक, इंडेक्स अप्परवर करा. जँगो ३.२ पासून मॉडेलच्या मेटामध्येच फंक्शनवरचा इंडेक्स लिहिता येतो. दोन, लोअर हा ट्रान्सफॉर्म म्हणून रजिस्टर करा आणि ईमेल-अंडरस्कोर-अंडरस्कोर-लोअर असं फिल्टर लिहा. या दुसऱ्या मार्गात उजव्या बाजूची किंमत तुम्हाला स्वतः लोअर करावी लागते. ते विसरलात की कॅपिटल टाइप करणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

प्रत्येक ओआरएमची सवय वेगळी असते. जावातल्या स्प्रिंग डेटा जेपीएमध्ये मेथडच्या नावात इग्नोअर-केस लिहिलं की तेही अप्पर लावतं. रेल्सची केस न पाहणारी यूनिक तपासणी पोस्टग्रेसवर लोअर लावते. म्हणून ऐकीव माहितीवर इंडेक्स बांधू नका. ओआरएमने बनवलेली एसक्यूएल छापून बघा, तिच्यावर एक्सप्लेन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) चालवा, आणि मग इंडेक्स बांधा. आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात दुसरं काही शिकवलं नाही तरी चालतं, एक्सप्लेन वाचायला शिकवतोच.

## ओआरएमची यूनिक तपासणी केस न पाहणारी केली. आता डुप्लिकेट येणार नाही ना?

येईल. ओआरएम आधी विचारतो "असं कोणी आहे का?" आणि मग लिहितो. या दोन पावलांच्या मधल्या फटीत दुसऱ्या काउंटरवरून तेच नाव आत येतं. सौद्याच्या वेळी यार्डात चार काउंटर एकदम चालू असतात. ही फट तिथे रोज सापडते.

खरी राखण डेटाबेसच्या यूनिक इंडेक्सचीच. जँगो ४.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, यूनिक कन्स्ट्रेंटमध्ये थेट लोअर लिहिता येतं. ४.१ पासून मॉडेलच्या फुल क्लीनमध्ये तो कन्स्ट्रेंट तपासलाही जातो, त्यामुळे वापरकर्त्याला सर्व्हर बिघडल्याची पाचशेची एरर न दिसता नीट संदेश दिसतो. तरीही इंटेग्रिटी एरर पकडणारा कोड लिहाच. संदेश सभ्यपणे देण्यासाठी ओआरएमची तपासणी, आणि डेटा वाचवण्यासाठी इंडेक्स. दोन्ही लागतात.

## सीआयटेक्स्ट म्हणजे नक्की काय?

पोस्टग्रेसबरोबर येणारं एक एक्स्टेन्शन. त्याने सीआयटेक्स्ट नावाचा कॉलमचा प्रकार मिळतो. मजकूर जसा लिहिला तसाच साठतो, पण तुलना करताना आतल्या आत दोन्ही बाजू लोअर करून पाहिल्या जातात. बरोबरी, यूनिक, ऑर्डर बाय, लाइक (मजकुराचा तुकडा शोधणारी अट), सगळीकडे हाच नियम. क्वेरीत काहीच बदलावं लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. पोस्टग्रेस १३ पासून ते विश्वासातलं एक्स्टेन्शन मानलं जातं, म्हणजे सुपरयूजर नसलात तरी त्या डेटाबेसवर क्रिएटचा अधिकार असला की बसवता येतं. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर हे उपयोगी पडतं.

तोटे: प्रत्येक तुलनेत लोअर करावं लागतं म्हणून साध्या टेक्स्टपेक्षा थोडं सावकाश, आणि लोअर म्हणजे काय हे डेटाबेसच्या एलसी-सीटाइप (अक्षरांचे नियम कोणत्या भाषेचे हे सांगणाऱ्या) सेटिंगवर ठरतं. डेटाबेस सी लोकेलवर बनवला असेल तर फक्त इंग्रजीची २६ अक्षरं बदलतात.

## कॉलम सीआयटेक्स्ट केला, तरीही केस पाहिली जातेय!

घाबरू नका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. याची दोन कारणं मी स्वतः पाहिली आहेत, आणि दोन्ही वेळा अख्खा दिवस गेला होता.

पहिलं, जावाचा ड्रायव्हर. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर स्ट्रिंग पॅरामीटर व्हारकॅर म्हणून पाठवतो. मग एका बाजूला सीआयटेक्स्ट आणि दुसऱ्या बाजूला व्हारकॅर अशी तुलना येते. सीआयटेक्स्टमधून टेक्स्टमध्ये आपोआप रूपांतर होतं, उलट दिशेने तुलनेत होत नाही. म्हणून पोस्टग्रेस दोन्ही टेक्स्ट धरतो आणि साधी, केस पाहणारी तुलना करतो. एरर नाही, इशारा नाही, फक्त निकाल रिकामा. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड खिडकीत तीच क्वेरी हाताने लिहिली की बरोबर चालते, कारण तिथे अवतरणातल्या मजकुराला प्रकार ठरलेला नसतो. हायबरनेट हा जावातला ओआरएम वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. उपाय म्हणजे जोडणीच्या पत्त्यात स्ट्रिंगटाइप अनस्पेसिफाइड ठेवणं, किंवा क्वेरीत पॅरामीटरला सीआयटेक्स्टचा कास्ट देणं.

दुसरं, सर्च पाथ, म्हणजे पोस्टग्रेस कोणत्या स्कीमांत (डेटाबेसमधल्या कप्प्यांत) शोधतो ती यादी. सीआयटेक्स्टची बरोबरीची चिन्हं ज्या स्कीमात बसवली आहेत ते स्कीमा सर्च पाथमध्ये नसेल तर पोस्टग्रेस गुपचूप टेक्स्टची चिन्हं वापरतो. प्रत्येक ग्राहकाला वेगळं स्कीमा देणाऱ्या सिस्टिममध्ये हे सहज घडतं. एक्स्टेन्शन पब्लिकमध्ये असतं आणि सर्च पाथ फक्त ग्राहकाच्या स्कीमावर लावलेला असतो.

दोन्हींसाठी एकच टेस्ट लिहून ठेवा: ॲप ज्या जोडणीने बोलतं त्याच जोडणीने, ओआरएममधूनच, कॅपिटलमध्ये साठवून स्मॉलमध्ये शोधा.

## जँगोतले सीआय फील्ड कुठे गेले?

सीआयकॅरफील्ड, सीआयईमेलफील्ड आणि सीआयटेक्स्टफील्ड जँगो १.११ मध्ये आले, ४.२ मध्ये त्यांना निरोपाची नोटीस मिळाली आणि ५.१ मध्ये, २०२४ साली, ते काढले. जुन्या मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल नोंदवणाऱ्या) फाइलींमध्ये त्यांची नावं राहू शकतात, त्यासाठी सांगाडा ठेवला आहे. मॉडेलमध्ये मात्र वापरता येत नाहीत.

त्यांच्या जागी कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना कशी करायची आणि क्रम कसा लावायचा याचे नियम. पोस्टग्रेस १२ मध्ये, २०१९ साली, नॉन-डिटरमिनिस्टिक कोलेशन आली. तिच्या आधी बाइट वेगळे असतील तर मजकूर वेगळाच मानला जायचा. आता आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीच्या नियमाने बाइट वेगळे असूनही मजकूर समान ठरू शकतो. केस न पाहण्यासाठी लोकेलमध्ये केएस-लेव्हल२ लिहायचं आणि डिटरमिनिस्टिक फॉल्स ठेवायचं. लेव्हल१ लिहिलंत तर अक्षरांवरच्या खुणाही दुर्लक्षित होतात, तेव्हा आकडा बघून टाका. जँगोत क्रिएट कोलेशन हे ऑपरेशन मायग्रेशनमध्ये लिहा आणि फील्डला डीबी-कोलेशन द्या. हे दोन्ही ३.२ पासून आहे.

एक मोठी अडचण होती. पोस्टग्रेस १७ पर्यंत अशा कॉलमवर लाइक चालतच नव्हतं, थेट एरर. नावाने शोधायची चौकट म्हणजे लाइक, आणि ती बंद पडली की अडतवाल्याचा फोन आलाच म्हणून समजा. २०२५ च्या पोस्टग्रेस १८ मध्ये लाइक चालू झालं आहे. सर्व्हर १७ किंवा त्याआधीचा असेल तर शोधताना त्या कॉलमला साधी कोलेशन तात्पुरती लावून घ्यावी लागते.

## माझं सगळं मायएसक्यूएलवर आहे. मला यातलं काही लागू होतं का?

उलट्या बाजूने होतं. मायएसक्यूएल ८.० ची मूळ कोलेशन केस पाहत नाही आणि अक्षरांवरच्या खुणाही पाहत नाही. तेव्हा शोध आपोआप जुळतो. तिथे लोअर लावण्याची सवय मात्र सोडा. काम आधीच होत असताना फंक्शन लावलं की साधा इंडेक्स वाया जातो. एसक्यूएल सर्व्हरवर एंटिटी फ्रेमवर्क (डॉटनेटचा ओआरएम) वापरणाऱ्यांचंही हेच. टू-लोअर लिहिलं की एसक्यूएलमध्ये लोअर येतं आणि इंडेक्स बाजूला पडतो. एंटिटी फ्रेमवर्क कोअर ५.० पासून कॉलमला यूज-कोलेशन देता येतं, तेच द्या. स्ट्रिंग कम्पॅरिझनचा पर्याय देऊन इक्वल्स लिहिलंत तर त्याचं एसक्यूएलमध्ये भाषांतरच होत नाही.

मायएसक्यूएलवर धोका आहे तो तिसऱ्या जातीच्या कॉलमना. टोकन, छोटा कोड, एपीआय की असे कॉलम मूळ कोलेशनवर ठेवले तर कॅपिटल, स्मॉल आणि अंक मिळून ६२ चिन्हांचा तुमचा कोड तुलनेत ३६ चिन्हांचा उरतो. अंदाज बांधणाऱ्याचं काम सोपं होतं आणि दोन वेगळे कोड एकमेकांवर आदळतात. अशा प्रत्येक कॉलमला बिन (बाइट पाहून तुलना करणारी) कोलेशन लावा. आजच उघडून बघा, उद्यावर टाकू नका.

## लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर सगळ्या टेस्ट पास. सर्व्हरवर का नापास?

एसक्यूलाइटमध्ये लाइक मुळातच केस पाहत नाही, म्हणून जँगोचं साधं कंटेन्सही तिथे केस न पाहता चालतं. पोस्टग्रेसवर पाहतं. शिवाय एसक्यूलाइटची नोकेस कोलेशन फक्त २६ इंग्रजी अक्षरं ओळखते. सर्व्हरवर जो डेटाबेस, तोच लॅपटॉपवर ठेवा.

## डेटाबेसचं सगळं बरोबर केलं. आता तरी निवांत?

अजून ओआरएमची मेमरी राहिली. डेटाबेसला दोन मजकूर समान वाटतात, पण पायथनला किंवा सी-शार्पला ते वेगळेच. जँगोत सीआयटेक्स्ट कॉलमकडे बोट दाखवणारी फॉरेन की असेल आणि तुम्ही प्रीफेच रिलेटेड (संबंधित ओळी एकदम आणणं) वापरलंत, तर डेटाबेस ओळी बरोबर आणून देतो. पण त्या ओळी मूळ ऑब्जेक्टला जोडण्याचं काम पायथनच्या डिक्शनरीत होतं आणि तिथे केस पाहिली जाते. परिणाम असा की ग्राहक दिसतो आणि त्याची बिलं शून्य दिसतात. एंटिटी फ्रेमवर्कच्या चेंज ट्रॅकरचंही तसंच: एसक्यूएल सर्व्हरची की केस पाहत नाही, ट्रॅकर पाहतो. तिथे त्या प्रॉपर्टीला केस न पाहणारा व्हॅल्यू कम्पेअरर द्यावा लागतो.

माझं मत ठाम आहे: केस न पाहणारा मजकूर प्रायमरी की किंवा फॉरेन की करू नका. आकडा किंवा यूयूआयडी की ठेवा, मजकुराला यूनिक इंडेक्स द्या. आणि कॅशेची की बनवताना मजकूर आधी एकाच रूपात आणा.

## मराठीत कॅपिटल-स्मॉल नाहीच. मग आमच्या मराठी डेटाला यातून सुटका?

देवनागरीला केस नाही हे खरं. पण तिला तिचा स्वतःचा तोच आजार आहे, आणि आपल्या भागात तो जास्तच भेटतो.

"गुऱ्हाळ" हा शब्द घ्या. किंवा "कऱ्हाड". यातला अर्धा "ऱ" कीबोर्डनुसार तीन तऱ्हांनी साठतो. एक, "ऱ" हे एकच युनिकोड अक्षर, क्रमांक यू+०९३१, आणि पुढे हलन्त. दोन, साधा "र", त्याखाली नुक्ता (टिंब), क्रमांक यू+०९३सी, आणि पुढे हलन्त. तीन, साधा "र", हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, यू+२००डी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. एकाने मोबाइलवरून गावाचं नाव टाकलं, दुसऱ्याने ऑफिसातल्या जुन्या कीबोर्डवरून, की एकाच गुऱ्हाळाची दोन खाती उघडतात. आमच्या एका गूळ ग्राहकाकडे गावांच्या यादीत हेच निघालं. मालकाने बोट ठेवून विचारलं, "ही दोन नावं वेगळी कशी?" आणि मला डोळ्यांनी फरक दाखवता येईना. हेक्समध्ये उलगडून दाखवलं तेव्हा कुठे पटलं.

पहिली दोन रूपं युनिकोडच्या दृष्टीने समान आहेत. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं की दुसरं पहिल्यात जातं. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूल हे काम करतं, पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. तिसरं रूप एनएफसीने बदलत नाही, त्यासाठी "र, हलन्त, जॉइनर" या तिकडीच्या जागी "ऱ, हलन्त" घालणारी ओळ स्वतः लिहावी लागते. सरसकट सगळे जॉइनर उडवू नका. उडवलेत तर गुऱ्हाळातला "ऱ्ह" साध्या रफारात बदलेल, आणि अर्धी अक्षरं मुद्दाम सुटी लिहिलेली असतील तीही जोडाक्षरात मिसळतील.

हे रूपांतर कुठे करायचं? गाडी नंबरासारखंच, फील्डच्या गेट-प्रेप-व्हॅल्यूमध्ये. ते जपण्यासारखं काही बदलत नाही, दिसणारं अक्षर तेच राहतं.

## ईमेल लोअर करावा का? मानकात तर पहिला भाग केस पाहणारा आहे म्हणतात.

मानक आरएफसी ५३२१ तसंच म्हणतं: ॲटच्या आधीच्या भागाची केस जपावी, डोमेनची केस महत्त्वाची नाही. जँगोचं नॉर्मलाइझ ईमेलही म्हणूनच फक्त डोमेन लोअर करतं. प्रत्यक्षात दोन माणसांचे पत्ते फक्त केसने वेगळे असण्यापेक्षा एकाच माणसाने मोबाइलवर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होऊन नोंदवणं कितीतरी जास्त घडतं. म्हणून पत्ता लिहिला तसा साठवा, मेल त्याच पत्त्यावर पाठवा, यूनिक मात्र केस न पाहता ठेवा.

यातल्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. डिसेंबर २०१९ मध्ये जँगोच्या पासवर्ड रीसेटमध्ये सुरक्षेची त्रुटी दुरुस्त झाली, क्रमांक सीव्हीई-२०१९-१९८४४. तुर्की भाषेत टिंब नसलेला आय असतो, आणि तो अप्पर केला की साधा कॅपिटल आय होतो. हल्लेखोर त्या अक्षराचा पत्ता टाकायचा, डेटाबेसला तो तुमच्या पत्त्याशी जुळलेला वाटायचा, आणि रीसेटची लिंक हल्लेखोराने टाकलेल्या पत्त्यावर जायची. दुरुस्तीत दोन गोष्टी केल्या: पत्त्यांची पुन्हा कडक तुलना, आणि मेल डेटाबेसमधल्या पत्त्यावरच. रीसेट तुम्ही स्वतः लिहिलं असेल तर ही दुसरी गोष्ट आज तपासा. जावात लोअर करताना लोकेल रूट द्यायचं तेही याच अक्षरापायी.

## आयलाइक (केस न पाहणारं लाइक) वापरून बरोबरी तपासली तर?

नको. लाइक आणि आयलाइकमध्ये अंडरस्कोर म्हणजे "कोणतंही एक अक्षर". ईमेल आणि यूजरनेममध्ये अंडरस्कोर सर्रास असतो. एकाचं लॉगिन शोधताना दुसराच सापडेल.

## चालू सिस्टिमवर हा बदल कसा करायचा?

कोड लिहायला एक दिवस लागतो, डेटा साफ करायला पंधरा. यूनिक इंडेक्स टाकायला गेलात की आधीचे डुप्लिकेट आडवे येतात. म्हणून पहिली क्वेरी: लोअर केलेल्या नावावर ग्रुप करा आणि एकापेक्षा जास्त ओळी असलेले गट काढा. ती यादी स्वतः मिटवू नका. छापा आणि मालकाकडे घेऊन जा. दोन सारखी नावं म्हणजे एकच माणूस, असं आपल्याला वाटतं. बाप-लेकाच्या दोन वेगळ्या खात्यांना एकच नाव दिलंय हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाच माहीत असतं, आणि पैशाचा मामला आहे.

एकच माणूस असल्याचं कळलं की कोणती ओळ राहणार ते ठरवा. जाणाऱ्या ओळीची सगळी बिलं, पट्ट्या, उचल राहणाऱ्या ओळीवर न्या, जुना क्रमांक एका वेगळ्या टेबलात नोंदवा, मग ओळ काढा. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि आधी-नंतर प्रत्येक खात्याची बाकी जुळवून. आम्ही हे काम सौदे नसलेल्या दिवशी करतो आणि त्याच संध्याकाळी बाकीची यादी मालकाच्या सहीने घेतो.

त्यानंतर इंडेक्स कन्करंटली बांधा, म्हणजे टेबलावर लिहिणं अडत नाही. कन्करंटली ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, तेव्हा जँगोच्या मायग्रेशनमध्ये ॲटॉमिक फॉल्स लागतं. मधेच डुप्लिकेट आला तर इंडेक्स अर्धवट, इनव्हॅलिड अवस्थेत मागे राहतो. तो आधी काढून टाका आणि मग पुन्हा बांधा.

## सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली आणि यूनिक असूनही डुप्लिकेट आले. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे. क्रम लावण्याचे नियम पोस्टग्रेस बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमच्या किंवा आयसीयूच्या लायब्ररीतून घेतो. लायब्ररी बदलली की नियम बदलू शकतात, इंडेक्स मात्र जुन्या क्रमाने लावलेला राहतो. मग असलेली ओळ शोधताना ती दुसऱ्याच फांदीवर पाहिली जाते, सापडत नाही, आणि नवी ओळ आत जाते. लिनक्सवरच्या जीलिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, असा मोठा बदल झाला होता. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर डेटाची फोल्डर जशीच्या तशी उचलून नेणाऱ्यांना तो भोवला.

अपग्रेडनंतर पोस्टग्रेस कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा लॉगमध्ये देतो. तो दिसला की आधी मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, आणि मगच ऑल्टर कोलेशन रिफ्रेश व्हर्जन चालवा. हा क्रम उलटा केलात तर इशारा गप्प होतो आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहतो.